‘ऊर’ की ‘पूर’? शिरूर-दौंड परिसरातील ग्रामनामांचे अंत्यपद आणि पुनर्रचित नामाची कसोटी

ग्रामनामाच्या शेवटी ‘ऊर’ दिसले की त्या नावाची गणना द्राविडी नावांत करावयाची, आणि तशा नावांची संख्या पुरेशी जमली की त्या प्रदेशात पूर्वी कानडी किंवा अन्य द्राविडी भाषा बोलली जात होती असा निर्णय द्यावयाचा, ही पद्धत मराठी स्थलनामांच्या अभ्यासात रूढ होऊन बसली आहे. तिच्या उलट, तितकीच जुनी अशी दुसरी पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक नावामागे एखादे संस्कृत सामासिक रूप उभे करून ‘ऊर’ हे ‘पुर’ शब्दाचेच झिजलेले रूप ठरविले जाते. राजवाडे यांच्या ग्रामनामविचारात संस्कृताकडे असलेला ओढा सर्वपरिचित आहे. विश्वनाथ खैरे यांच्या ‘संमत’ विचारात तमिळकडे असलेला ओढाही तितकाच उघड आहे. दोन्ही पक्षांजवळ उदाहरणांची वाण नाही. वाण आहे ती एखादे उदाहरण आपल्या विरुद्ध केव्हा जाईल हे आधी सांगून ठेवण्याच्या तयारीची. जी व्युत्पत्ती खोटी ठरण्याचा संभवच नाही ती खरी ठरली असेही म्हणता येत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे शेजारचे दोन तालुके या प्रश्नाच्या तपासणीस फार सोयीचे आहेत. शिरूर तालुक्यात खुद्द शिरूर, केंदूर आणि कान्हूर (मेसाई) अशी ‘ऊर’कारान्त नावे आहेत; त्याच तालुक्यात शिक्रापूर आणि अण्णापूर ही ‘पूर’कारान्त नावेही आहेत. दौंड तालुक्यात नांदूर आहे, आणि सहजपूर व शिरापूरही आहे. म्हणजे ज्या दोन अंत्यपदांविषयी वाद आहे ती दोन्ही घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. त्यांतही शिरूर आणि शिरापूर ही जोडी तर जणू परीक्षेसाठीच कोणी मांडून ठेवावी अशी आहे.

प्रथम द्राविडी बाजूचे नाम पाहू. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) तमिळ, मलयाळम्, कन्नड, तुळू आणि तेलुगू या भाषांतील ‘ऊर्’, ‘ऊरु’ ही रूपे एकत्र दिली आहेत, अर्थ गाव, वस्ती, क्वचित नगर. यांवरून मूळ द्राविडी ‘*ऊर्’ हे नाम कल्पिले जाते. शब्दापूर्वीचे तारांकन हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नसून अनुमानाने उभे केलेले आहे एवढेच सांगते. तारांकित रूप म्हणजे अनेक भाषांतील साम्य-भेदांचा हिशेब एका जागी मांडण्याची संक्षिप्त रीत होय. विद्यार्थ्यांच्या निबंधांतून ती रीत विसरली जाते आणि ‘*ऊर्’ हा एखाद्या ताम्रपटात वाचलेला शब्द असल्याप्रमाणे वापरला जातो.

नामाची पुनर्रचना केवळ प्रातिपदिकाची करून भागत नाही. त्याची विभक्तिरूपेही उभी करावी लागतात, आणि खरी अडचण तेथे कळते. तमिळमध्ये चतुर्थी ‘ऊर्क्कु’ किंवा ‘ऊरुक्कु’, जुन्या कन्नडमध्ये ‘ऊर्गे’ व आजच्या कन्नडमध्ये ‘ऊरिगे’, तेलुगूत ‘ऊरिकि’. तिन्हींत कवर्गीय प्रत्यय आहे हे उघड असल्याने मूळ चतुर्थीत ‘-क्कु’ सारखा प्रत्यय होता हे अनुमान भक्कम आहे. परंतु मधला ‘इ’ कोणाचा? तेलुगूत ‘ऊरि’ हे स्वतंत्र सामान्यरूप आहे. षष्ठीच्या अर्थी ते एकटेही येते. कन्नडमधला ‘इ’ उच्चारसौकर्यासाठी आलेला सांधा आहे. दोन्ही ‘इ’ दिसावयास सारखे, पण कुळे वेगळी. षष्ठीत तर कन्नड ‘ऊर’, तेलुगू ‘ऊरि’ आणि तमिळमध्ये निर्विकार ‘ऊर्’ किंवा ‘इन्’ प्रत्यय, असे तीन मार्ग फुटतात. अनेकवचनात तमिळ ‘ऊर्कळ्’ आणि कन्नड ‘ऊरुगळु’ एका बाजूस, तर तेलुगू ‘ऊळ्ळु’ दुसऱ्या बाजूस. तेव्हा ‘*ऊर्’ हे प्रातिपदिक निश्चित, चतुर्थी बहुतांशी निश्चित, षष्ठी वादग्रस्त असा प्रामाणिक निकाल द्यावा लागतो. एकाच शब्दाच्या रूपावलीत खात्रीचे प्रमाण असे बदलत जाते.

पुनर्रचनेचे शास्त्र ज्या भाषाकुलात सर्वाधिक घासूनपुसून तयार झाले त्या जर्मानिक भाषांत याच अर्थक्षेत्रातील एक नाम आहे आणि त्याची तुलना येथे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजी ‘टाउन’, जर्मन ‘त्साउन’, जुन्या नॉर्समधील ‘तून’ आणि बागेच्या अर्थाने येणारा डच शब्द हे सर्व आदिजर्मानिक ‘*तूनं’ या नामापासून आलेले मानतात; शेवटचा अनुस्वार तेथे अनुनासिक ‘अ’ दाखवितो. अर्थ पाहावे तर इंग्रजीत गाव, जर्मनमध्ये कुंपण, नॉर्समध्ये घरापुढील आवार. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा असावा हे यावरून सुचते, आणि कुंपणापासून वस्तीपर्यंतचा हा प्रवास मराठी वाचकास नवा नाही. ‘वाडा’ आणि ‘वाडी’ या शब्दांनी तो केलेलाच आहे.

‘*तूनं’ची रूपावली अकारान्त नामाप्रमाणे देतात: षष्ठी एकवचन ‘*तूनस्’, चतुर्थी ‘*तूनइ’, चतुर्थी अनेकवचन ‘*तूनमझ्’. ग्रंथात ही रूपे ओळीने मांडलेली पाहून हे सारे सिद्ध आहे असे वाटते. वस्तुतः लिंगापासूनच वादाला सुरुवात होते. नॉर्समध्ये शब्द नपुंसकलिंगी आहे. जुन्या इंग्रजीत तो पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचन ‘तूनास’ होते. जुन्या जर्मनमध्येही पुल्लिंगी. जर्मानिक भाषांतील सर्वांत प्राचीन विस्तृत ग्रंथ ज्या गॉथिकमध्ये आहे तेथे हा शब्द सापडतच नाही, म्हणजे निवाडा देणारा ज्येष्ठ साक्षीदारच गैरहजर. तरीही बहुतेक विद्वान नपुंसकलिंगाकडे झुकतात, कारण केल्टिक भाषांतील ‘दूनोन्’ (किल्ला, तटबंदीची जागा) हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि तो ‘*तूनं’चा भाऊ किंवा धनको असला पाहिजे. फ्रान्समधील ल्यों या नगराच्या ‘लुग्दुनुम’ या जुन्या नावात तोच शब्द आहे.

या केल्टिक नात्यातूनच पुनर्रचनेच्या पद्धतीचे खरे बळ दिसते. केल्टिकमध्ये ‘द’ आणि जर्मानिकमध्ये ‘त’. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिपरिवर्तनानुसार मूळ ‘द’चा जर्मानिकमध्ये ‘त’ होतो. तेव्हा शब्द उसना घेतला असेल तर तो हे परिवर्तन पूर्ण होण्याआधी घेतला असला पाहिजे. नंतर घेतला असता तर त्याचा ‘द’ कायम राहता. एका व्यंजनाने उसनवारीचा काळ बांधून दिला. आदिजर्मानिकचा एकही लेख हाती नसताना त्या भाषेच्या इतिहासातील दोन घटनांचा क्रम लागतो, ही या शास्त्राची कमाई होय.

‘*ऊर्’ आणि ‘*तूनं’ यांतला फरक नेमका येथे आहे, आणि ग्रामनामांच्या अभ्यासकांनी तो ध्यानात घेतलेला दिसत नाही. ‘ऊर्’ या शब्दात एक दीर्घ स्वर आणि एक रेफ, एवढीच सामग्री आहे. प्राकृत काळापासून मराठीपर्यंत ज्या ध्वनींत लक्षणीय बदल झाले त्यांपैकी एकही या शब्दात नाही. सातवाहनांच्या काळी तो प्राकृतात शिरला असता तरी तो ‘ऊर’च राहिला असता, आणि राष्ट्रकूटांच्या काळी शिरला असता तरी ‘ऊर’च. काळाची खूण उमटावयास त्याच्या अंगावर जागाच नाही. याउलट द्राविडी ‘पळ्ळि’ पाहा. कोकणातील डोंबिवली, कांदिवली यांसारख्या नावांतील ‘वली’ त्या शब्दाशी जोडतात. तेथे ‘प’चा ‘व’ झालेला आहे. म्हणजे स्वरमध्यस्थ ‘प’चा ‘व’ होत असताना शब्द नावात होता असे निदान म्हणता तरी येते. साउथवर्थ यांनी दक्षिण आशियाच्या भाषिक पुरातत्त्वावरील आपल्या २००५ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील ग्रामनामांच्या प्रत्ययांचा प्रसार नकाशावर मांडून द्राविडी थराचा विचार केला आहे, तो मोलाचा आहे; परंतु नकाशा विस्तार दाखवितो, काळ दाखवीत नाही.

म्हणूनच इनामगावचे नाव या वादात ओढले जाते तेव्हा सावध राहावयास हवे. शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठच्या या स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत तेथे उजेडात आली, आणि तिच्याविषयीचा सविस्तर ग्रंथ धवलीकर, सांकळिया आणि अन्सारी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. आता तालुक्यात तीन ‘ऊर’कारान्त गावे, तालुक्यातच तीन हजार वर्षांपूर्वीची वसाहत, मग ती माणसे द्राविडी बोलत होती हे ओघानेच आले, असा युक्तिवाद ऐकू येतो. ती बोलत असतीलही. परंतु रांजणांना आणि चुलींना भाषा नसते, आणि ‘ऊर’ला काळ नसतो, दोन मुक्या साक्षीदारांना एकत्र उभे केल्याने साक्ष निर्माण होत नाही. शिवाय इनामगाव हे आजचे नाव ‘इनाम’ या अरबी शब्दावरून पडलेले आहे. जेथे सलग वस्ती होती त्या खुद्द स्थळाचे नाव इतके अर्वाचीन असावे, हा योगायोग नावे किती सहज बदलतात हे दाखविण्यास पुरेसा आहे.

आता दुसरा पक्ष. संस्कृत ‘पुर’ समासाच्या उत्तरपदी आला असता त्याचा ‘प’ स्वरमध्यस्थ होतो, ‘प’चा ‘व’ होतो, आणि ‘उ’च्या सान्निध्यात तो ‘व’ही लुप्त होतो.  या नियमाने ‘श्रीपुर’चे ‘सिरिउर’ आणि पुढे ‘शिरूर’ होण्यास ध्वनिशास्त्राची हरकत नाही. आरंभीचा ‘श’ मात्र संस्कृत ‘श्री’चा अवशेष समजणे चूक होय. मराठीत ‘इ’पूर्वीचा ‘स’ नियमाने तालव्य होतो. ‘सिव्’पासून ‘शिवणे’, ‘सिच्’च्या कुळातील ‘शिंपणे’. ब्लॉक यांनी हा नियम आपल्या ग्रंथात (१९२०, परांजपे यांचा मराठी अनुवाद १९४१) स्पष्ट केलेला आहे. म्हणजे मूळ प्राकृत ‘सिरि’ असो की कन्नड ‘सिरि’, मराठीच्या तोंडी ‘शि’ व्हावयाचाच. इंग्रजी कागदपत्रांत या छावणीच्या गावाचे नाव दंत्य ‘स’ने लिहिलेले आढळते म्हणून जुना उच्चार ‘सिरूर’ असला पाहिजे, असेही कोणी म्हणू नये. ज्या लेखकांनी दौंडचे ‘धोंड’ करून रेल्वेच्या वेळापत्रकात कित्येक पिढ्या चालविले त्यांच्या कानावर ध्वनिशास्त्राची इमारत उभारणे धोक्याचे आहे.

शिरूरविषयी तिसरी एक व्युत्पत्ती मांडली जाते, ती लहान गाव या अर्थाची. तमिळमध्ये ‘चिऱु’ म्हणजे लहान आणि ‘चिऱ्ऱूर्’ म्हणजे लहानसे खेडे; त्यावरून शिरूर. कानाला ती गोड लागते, पण टिकत नाही. मूळ द्राविडी ‘क’ तालव्य स्वरापूर्वी तमिळ व तेलुगूत ‘च’ झाला. कन्नडने तो ‘क’च राखला. लहान या अर्थी कन्नड शब्द ‘किऱु’, ‘किरिय’ असा आहे. भीमेच्या खोऱ्याला लागून असलेली द्राविडी भाषा कन्नड होय. तेव्हा शिरूर म्हणजे लहान गाव असावयाचे तर त्याचे नाव ‘किरूर’सारखे पडावयास हवे होते, किंवा मधली कन्नड भाषा ओलांडून तमिळ अथवा तेलुगू बोलणारे घोडनदीकाठी येऊन राहिले असे मानावयास हवे. एका गावासाठी एवढे स्थलांतर घडविणे परवडणारे नाही. ध्वनिनियमाने नाकारलेली व्युत्पत्ती अर्थाने कितीही जुळली तरी सोडून द्यावी, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राहिले ‘सिरि + ऊर’ आणि ‘श्री + पुर’. कन्नड ‘सिरि’ हा शब्द स्वतःच ‘श्री’चा प्राकृतमार्गे आलेला तद्भव आहे, म्हणून पूर्वपदाने निवाडा होत नाही. विभक्तिरूपांनी होतो का? मराठीत शिरूर नपुंसकलिंगी. पुर संस्कृतात नपुंसकलिंगी, आणि ‘ऊर्’ द्राविडीत अमहत्-वाचक, म्हणजे मराठीत आल्यास नपुंसकलिंगच घेणार. सामान्यरूप ‘शिरुरा-’: शिरुरास, शिरुरात. ‘पूर’चेही तसेच: कोल्हापुरास, कोल्हापुरात. हा ‘आ’ ब्लॉक यांच्या मते संस्कृत षष्ठीच्या ‘-अस्य’चा वंशज होय, ‘पुरस्य’ आणि त्याच्या साच्यावर ओतलेले कोणतेही उसने नाम येथे एकरूप होणार. म्हैसूर हे नाव निर्विवाद ‘ऊर’कारान्त आहे, तरी मराठीत म्हैसुरास, म्हैसुरी अशीच रूपे होतात, नागपुरास, नागपुरी यांच्याप्रमाणे. म्हणजे मराठीच्या रूपावलीने दोन्ही मुळांतला भेद पार पुसून टाकला आहे.

येथे इंग्रजी ग्रामनामांशी तुलना केल्यास अभावाचे महत्त्व ध्यानात येते. इंग्रजीत किल्ल्याच्या अर्थाचा ‘बुर्ह’ हा शब्द. त्याची चतुर्थी ‘ब्युरिग’. लोक गावाचा उल्लेख बहुधा ‘अमुक गावी’ असाच करीत असल्यामुळे कँटरबरीसारख्या नावांत चतुर्थीचे रूप गोठून राहिले, तर पीटरबरोसारख्या नावांत प्रथमेचे. विभक्ती लोपल्यावरही नावांनी ती सांभाळली. घोड-भीमेच्या खोऱ्यातील ‘ऊर’कारान्त नावांत कन्नड विभक्तीचा असा एखादा अवशेष असता, तर ती नावे कन्नड बोलणाऱ्यांच्या नित्य वापरातून आली असे म्हणण्यास बळकट आधार मिळाला असता. तो मिळत नाही. अर्थात यावरून उलट निष्कर्षही काढता येत नाही. कन्नड षष्ठीचा ‘अ’ आणि प्रथमेचा ‘उ’ हे दोन्ही अन्त्य स्वर मराठीत आल्यावर लोपणारच. अवशेष राहिला असता तरी तो दिसला नसता.

रूप आणि रूपावली दोन्ही मुकी राहिल्यावर लेखांकडे वळणे भाग आहे. या परिसरापुरता सर्वांत बोलका पुरावा म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९०, म्हणजे इ. स. ७६८ चा तळेगावचा ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेला लेख. पूनक विषयातील गावे आणि त्यांच्या चतुःसीमा त्यात दिल्या आहेत. त्यांत आळंदीयग्राम आहे, दाडिमग्राम आहे, मूइला नदी आहे, आणि थिउरग्राम आहे. यातील थिउर म्हणजे आजचे थेऊर, आणि दाडिमग्राम म्हणजे दौंडच्या सीमेवरचे डाळिंब, ही ओळख मान्य झालेली आहे. एक ‘ऊर’कारान्त नाव आठव्या शतकात कसे होते हे येथे प्रत्यक्ष वाचावयास मिळते, तारांकनाची गरज नाही.

थेऊर हे नाव ‘स्थावर’ शब्दापासून आले अशी क्षेत्रमाहात्म्याची समजूत आहे. ब्रह्मदेवाचे चंचल मन तेथे स्थिर झाले म्हणून. ७६८ मधील ‘थि’ने ती निकालात निघते. ‘स्थावर’चे प्राकृत ‘थावर’ होईल, ‘थिउर’ होणार नाही. पण ‘थिउर’मधील ‘उर’ कोणता? दोन स्वर येथे लागोपाठ आले आहेत, मध्ये व्यंजन नाही. असा विवृत सांधा प्राकृतात एखादे व्यंजन गळाले म्हणजे राहतो. कन्नड संधीत अशा जागी ‘य’ येतो. तेव्हा ‘थिउर’मध्ये ‘पुर’चा किंवा दुसऱ्या कशाचा लुप्त ‘प’ वा ‘व’ असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. मात्र त्याच लेखात नदीचे नाव ‘मूइला’ असे लिहिले आहे, तेथेही तसाच सांधा. म्हणजे हा केवळ त्या लेखनिकाचा ‘य’ न लिहिण्याचा परिपाठ असू शकतो. पारडे ‘पुर’कडे झुकते, पण केसभरच.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘ग्राम’ या पदाची. दाडिमग्रामचे आज डाळिंब झाले आहे, ‘डाळिंबगाव’ नव्हे. आळंदीयग्रामची आळंदी झाली आहे. ‘ग्राम’ हे लोकांच्या तोंडच्या नावाचा भाग नसून राजलेखाच्या संस्कृताने जोडलेले शेपूट होते, हे यावरून सिद्ध होते. थिउरलाही तेच जोडले गेले. लेखनिकाला ‘उर’ म्हणजे गाव हे ठाऊक असते तर त्याने ‘ग्राम’ जोडले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु राष्ट्रकूटांचेच दुसरे उदाहरण त्याला आडवे येते. अमोघवर्षाच्या काळच्या लेखांतून हे राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरा’चे स्वामी म्हणवितात. येथे ‘ऊर’ आणि ‘पुर’ एकाच नावात पाठोपाठ आहेत. कन्नड उत्तम जाणणाऱ्या या दरबारास ‘ऊर’चा अर्थ ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? तरीही संस्कृत बिरुदात ‘पुर’ वेगळा जोडला गेला. नावाचा अवयव एकदा नाव झाला की त्याचा अर्थ बोलणाऱ्यास जाणवेनासा होतो. लट्टलूरवरून आणखीही एक गोष्ट निश्चित होते: नवव्या शतकात गोदावरीच्या दक्षिणेस ‘ऊर’ हे पद दीर्घ ऊकारासह नावांत रुळलेले होते आणि त्याचे ‘पुर’मध्ये रूपांतर करण्याची गरज राजलेखासही वाटली नाही.

या पार्श्वभूमीवर शिरूर-शिरापूर या जोडीकडे पुन्हा पाहावे. खानदेशात शिरपूर आहे, वाशीमकडे जैनांचे शिरपूर आहे. या उत्तरेकडील नावांत ‘पूर’ शाबूत आहे. शिरूर हे नाव मात्र पुणे जिल्ह्यातून निघून बीडकडे शिरूर कासार, लातूरकडे शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद असे दक्षिण-पूर्वेस जाते आणि थेट कर्नाटकात बागलकोट, धारवाड, उडुपीपर्यंत पोचते. कन्नडमध्ये ‘पुर’चा ‘प’ गळून ‘ऊर’ होत नाही, तो ‘पुर’च राहतो. तेव्हा कर्नाटकातील शिरूर नावांत ‘ऊर्’ आहे याविषयी शंका नाही, आणि त्याच सलग पट्ट्याच्या उत्तर टोकाला असलेले घोडनदीकाठचे शिरूर त्याच घडणीचे मानणे अधिक संयुक्तिक आहे. तुटक तुटक असलेल्या एकाच नावाला भौगोलिक सातत्य असताना दोन वेगळी मुळे द्यावयाची तर त्याला कारण हवे, आणि तसे कारण पुढे आलेले नाही. ही शक्यता सिद्धतेच्या पायरीवर गेलेली नाही, पण पहिल्या पक्षाच्या बाजूने एवढे तरी म्हणता येते. दौंडकडील शिरापूर उलट बाजूस नेऊ नये. त्यातील ‘रा’चा आकार ‘श्रीपुर’ने उलगडत नाही, तो शिक्रापूर, अण्णापूर, कोल्हापूर यांच्या घडणीचा आहे, आणि त्या घडणीत ‘पूर’ हे जिवंत, अर्थ कळणारे पद म्हणून जोडलेले आहे. शिरूर आणि शिरापूर ही एकाच नावाची दोन वये नव्हेत.

मात्र शिरूरचा निर्णय कान्हूरला लावता येणार नाही. कान्हूरचे पूर्वपद ‘कान्ह’, कृष्ण-कण्ह-कान्ह या मार्गाने आलेले. कन्नडमध्ये कृष्णाचे तद्भव ‘कन्नर’ असे होते. ‘ण्ह’चा महाप्राण तेथे टिकत नाही. मराठी-प्राकृत परंपरेत तो टिकतो, देवगिरीच्या कृष्ण यादवाचे ‘कान्हर’ हे नाव सर्वांस ठाऊक आहे. ज्यांच्या तोंडी ‘कान्ह’ होते ते लोक ‘ऊर’ हा शब्द गाव या अर्थी स्वतंत्रपणे वापरीत असल्याचा पुरावा नाही. मराठीत ‘ऊर’ म्हणजे छाती, संस्कृत ‘उरस्’पासून. तेव्हा कान्हूर हे ‘कण्हउर’, म्हणजे ‘कृष्णपुर’, असण्याचाच संभव अधिक. पारनेरकडील कान्हूर पठार हे नावही याच घडणीचे आहे. एका तालुक्यातील दोन ‘ऊर’ दोन भिन्न कुळांतले ठरतात, यात आश्चर्य मानू नये. संगम झाल्यावर पाणी कोणत्या नदीचे हे सांगता येत नाही एवढेच.

केंदूरच्या बाबतीत तांबडा या अर्थाचे कन्नड ‘केन्’ पुढे केले जाते; ‘केंदावरे’ म्हणजे तांबडे कमळ. पण त्या शब्दातील ‘द’ हा ‘तावरे’ या उत्तरपदाचा आहे. ‘केन्’ला ‘ऊर्’ जोडले तर ‘द’ कोठून येणार, याचे उत्तर ही व्युत्पत्ती देत नाही. ‘द’चा हिशेब लागेपर्यंत केंदूर हे नाव कोणत्याही यादीत मोजू नये. कृ. पां. कुलकर्णी यांच्या व्युत्पत्तिकोशाने (१९४६) आणि टर्नर यांच्या तौलनिक कोशाने सामान्य शब्दांसाठी जो दंडक घातला, की प्रत्येक वर्णाचा हिशेब लागला पाहिजे, तो विशेषनामांना माफ करण्याचे कारण नाही. विशेषनामांत अर्थाची साक्ष नसते, म्हणून तेथे वर्णांची साक्ष अधिक काटेकोर घ्यावयास हवी. प्रत्यक्षात मात्र नेमके उलट घडते.

आणि दौंडकडील नांदूर. त्याला ‘नंदिपुर’ही म्हणतात आणि ‘ऊर’च्या यादीतही घालतात. दोन्ही पक्षांनी एक साधी गोष्ट नजरेआड केली आहे. नांदुरकी किंवा नांद्रुक नावाचे वडाच्या जातीचे झाड महाराष्ट्रभर परिचित आहे. ‘नंदिवृक्ष’ या संस्कृत नावातील ‘वृक्ष’चे प्राकृत ‘रुक्ख’ त्याच्या शेवटी आहे. पिंपळगाव, वडगाव, बोरी, डाळिंब अशा वृक्षनामांनी भरलेल्या याच मुलुखात नांदूरही झाडावरूनच आले असेल, तर त्याच्या शेवटी ‘ऊर’ही नाही आणि ‘पूर’ही नाही, आहे तो ‘रुक्ख’चा राहिलेला रेफ. अन्त्य ‘ख’ वा ‘क’ कोठे गेला, हे त्या व्युत्पत्तीला सांगावे लागेल. त्यासाठी गावाचे सामान्यरूप आणि लगतच्या वाड्यांची नावे जुन्या महसुली कागदांत कशी लिहिली आहेत हे पाहावयास हवे. ‘नांदुरकीचे’ असे एखादे रूप तेथे निघाले, तर हे नाव दोन्ही याद्यांतून काढून टाकावे लागेल.